ब्रेक ऑइल कमी होतंय: गळती शोधणं आणि मागचं व्हील सिलिंडर बदलणं

ब्रेक ऑइलच्या टाकीतली पातळी खाली जाते, त्याची कारणं दोनच. एक तर पॅड-लायनर (ब्रेक लावताना घासणारे तुकडे) झिजलेत, पिस्टन तेवढे बाहेर सरकलेत आणि त्यांच्या मागची मोकळी जागा ऑइलने भरलीय. नाहीतर ऑइल बाहेर पडतंय. हे ऑइल इंजिन ऑइलसारखं जळत नाही, बॅटरीतल्या पाण्यासारखं उडूनही जात नाही. त्यामुळे सर्व्हिसिंगनंतर कोणी "थोडं कमी होतं, टॉपअप केलंय" असं सांगितलं, तर आधी हिशेब मांडायचा.

हिशेब सोपा आहे. छोट्या हॅचबॅकच्या पुढच्या कॅलिपरमधला (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागातला) पिस्टन ४८ मिमीच्या आसपास धरा. तो १ मिमी बाहेर सरकला की त्याच्यामागे सुमारे १.८ मिली ऑइल जातं. आतला आणि बाहेरचा पॅड एकेक मिमी झिजला म्हणजे पिस्टन २ मिमी सरकतो, तेव्हा एका चाकाला ३.६ मिली आणि दोन्ही मिळून ७ मिलीच्या वर. नवे १० मिमीचे पॅड २ मिमीवर येईपर्यंत पुढच्या दोन चाकांना मिळून ५५ ते ६० मिली ऑइल लागतं, तेही कित्येक हजार किलोमीटरमध्ये. पॅड अजून जाड आहेत आणि पातळी महिन्याभरात मॅक्सवरून मिनच्या खाली गेलीय, तर गळती आहेच. डोळ्यांना दिसत नाही, एवढंच.

इथे ज्या गाडीचं काम सांगतोय ती रत्नागिरीच्या किनारपट्टीवर वाढलेली जुनी हॅचबॅक. पुढे डिस्क, मागे १८० मिमीचे ड्रम, एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही, क्लच केबलचा. तक्रार दोन गोष्टींची होती. वळणावर आणि जोरात ब्रेक मारल्यावर डॅशबोर्डवरचा लाल दिवा क्षणभर लागायचा, आणि सकाळच्या पहिल्या ब्रेकला पॅडल नेहमीपेक्षा खाली जायचं, दुसऱ्या दाबाला वर यायचं. हाच दिवा हँडब्रेकचाही असतो, म्हणून लोक हँडब्रेक एकदा हलवून बघतात आणि विसरून जातात. वळणावर लागणारा दिवा म्हणजे टाकीतला फ्लोट काठावर आलाय, ऑइल एका बाजूला कललं की खाली बसतो.

ब्रेक तरीही लागत होते, त्याचं कारण सर्किट दोन असतात. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक छोट्या गाड्यांत ती तिरपी जोडलेली असतात: पुढचं डावं आणि मागचं उजवं एकत्र, पुढचं उजवं आणि मागचं डावं एकत्र. एक सर्किट रिकामं झालं तरी दुसऱ्यावर गाडी थांबते, पण पॅडल खूप खोल जातं आणि थांबायचं अंतर बरंच वाढतं. अशी गाडी आंबा किंवा कुंभार्ली घाट उतरवायची नाही. जवळचं गॅरेज गाठायलासुद्धा टो करूनच न्यावी.

शोधायला सुरुवात पॅडलपासून होते, चाकापासून नाही. इंजिन चालू ठेवून पॅडल मध्यम जोराने दाबून एक मिनिट तसंच धरलं. ते हळूहळू खाली सरकत गेलं. याचे अर्थ दोन: ऑइल बाहेर पडतंय, किंवा मास्टर सिलिंडरच्या (पॅडल दाबल्यावर ऑइल ढकलणाऱ्या पंपाच्या) आतलं सील दाब धरत नाही आणि ऑइल आतल्या आत मागे जातंय. दुसऱ्या प्रकारात टाकीची पातळी घटत नाही. इथे ती घटत होती, म्हणून मास्टर सिलिंडरला तूर्त बाजूला ठेवलं, सोडून दिलं नाही. मास्टर सिलिंडरचं मागचं सील गेलं तर ऑइल जमिनीवर कधीच दिसत नाही, ते थेट व्हॅक्यूम बूस्टरच्या (पायाच्या जोराला मदत करणाऱ्या) डब्यात जातं. इंजिनातून पांढरट धूर येईपर्यंत काहींना पत्ताही लागत नाही. बघायची रीत अशी: सिलिंडर आणि बूस्टरच्या जोडाखाली टिश्यू पेपर फिरवायचा. तो कोरडा निघाला तरी शंका राहिली तर सिलिंडरचे दोन नट काढून, पाइप न सोडवता, सिलिंडर अर्धा सेंटिमीटर पुढे ओढून आत बघायचं. आमच्याकडे दोन्ही वेळा कोरडं होतं. ज्या गाड्यांत हायड्रॉलिक क्लच आहे तिथे आणखी एक जागा बघावी लागते, कारण पुष्कळ गाड्यांत क्लचला ऑइल याच टाकीतून जातं. क्लच पॅडलच्या वरच्या बाजूला ओल किंवा पायाखालच्या मॅटवर डाग असेल तर ब्रेकची चाकं खोलायची गरजच नाही.

मग गाडीखाली. ब्रेक ऑइल ओळखायला बोट पुरतं. ताजं असेल तर पाण्यासारखं किंवा फिकट पिवळं, जुनं असेल तर चहाच्या रंगाचं, हाताला बुळबुळीत पण इंजिन ऑइलपेक्षा पातळ. खात्री करायची तर थेंब पाण्याच्या वाटीत सोडा. ब्रेक ऑइल विरघळून जातं, इंजिन आणि गिअर ऑइलचा तवंग वर तरंगतो. एसीखालचं पाणी आणि हिरवा किंवा गुलाबी कूलंट तर रंगावरून आणि पोतावरूनच वेगळा कळतो. बोट नंतर लगेच धुवायचं, रंगकामाला लागू द्यायचं नाही. बॉनेटच्या कडेवर सांडलेलं ऑइल तासाभरात रंग फुगवतं. सांडलंच तर पुसत बसू नका, भरपूर पाणी ओता.

पावसाळ्यात कोकणातली गाडी खालून कायम ओली असते, त्यामुळे नुसतं वाकून बघण्यात अर्थ नाही. चारही चाकांच्या आतल्या बाजू, रबरी होज आणि फ्लोअरखालचे पाइप आधी साबणाच्या पाण्याने धुतले, कोरडे केले, आणि संशयाच्या जागांवर खडू घासला. नंतर इंजिन चालू करून पॅडल दहा-पंधरा वेळा जोरात दाबलं, शेवटचा दाब अर्धा मिनिट धरला. खडू जिथे ओला होईल तिथे गळती. पुढच्या कॅलिपरचे निपल (एअर काढायचे बोल्ट) आणि होजच्या बोल्टखालचे तांब्याचे वॉशर कोरडे, होज वाकवून पाहिले तर भेगा नाहीत. जांभ्याचा लाल चिखल जिथे प्लॅस्टिकच्या क्लिपांमागे साचतो तिथे पाइपवर गंज होता, पण वरवरचा. ही जागा कुठल्याही किनाऱ्यावरच्या गाडीत नखाने खरवडून बघावी. पाइपचा पापुद्रा निघाला तर तो पूर्ण लांबीचा बदलायचा. मधे रबर घालून क्लॅम्प मारायचा किंवा झाळायचं, हे प्रकार जीवावर बेतणारे आहेत. जोरात ब्रेक मारताना त्या नळीत शंभर बारच्या आसपास दाब असतो.

मागच्या डाव्या चाकाच्या आत, ड्रमच्या मागच्या पत्र्यावर खालच्या कडेला, खडूची पट्टी ओली झाली. टायरच्या आतल्या भिंतीवरही वरून खाली आलेला एक चकचकीत ओघळ होता, त्यावर धूळ बसून काळा झालेला.

ड्रम काढण्याआधी पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावले, व्हीलचे नट जमिनीवरच सैल केले, मग जॅक, आणि जॅकवर विसंबून न राहता खाली स्टँड. त्यानंतर हँडब्रेक सोडायचा, तो धरलेला असेल तर ड्रम हलत नाही. या ड्रमला दोन चुडीची भोकं असतात. त्यात ८ मिमीचे बोल्ट घालून दोन्ही आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा फिरवले की ड्रम सरळ बाहेर येतो. एकच बोल्ट पिळत राहिलं तर ड्रम तिरका अडकतो. बरेच जण इथे हातोडी घेतात. बिडाच्या ड्रमची कड हातोडीने उडते, तेव्हा लाकूड मधे धरून हलक्या हाताने ठोकणं एवढंच चालेल. ड्रमच्या आत झिजून कड उभी राहिली असेल तर लायनर तिच्यात अडकतात. मग मागच्या पत्र्यातलं रबरी बूच काढून अॅडजस्टर (लायनर आणि ड्रममधलं अंतर ठरवणारा भाग) मागे घ्यावा लागतो.

आतली धूळ हवेने उडवायची नाही. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. ब्रेक क्लीनरने नाहीतर पाण्याने भिजवून खाली ट्रेमध्ये घ्यायची.

ड्रम निघाल्यावर चित्र स्पष्ट झालं. व्हील सिलिंडरच्या, म्हणजे लायनर ड्रमवर ढकलणाऱ्या छोट्या नळीच्या, दोन टोकांना रबरी बूट असतात. स्क्रू ड्रायव्हरच्या बोथट टोकाने मागच्या बुटाची कड जरा उचलली, तर आतून चहाच्या रंगाचा थेंब निसटला आणि लायनरच्या पट्टीवरून खाली ओघळला. पुढचा बूट उचलला तर आत नुसती ओल. हा फरक महत्त्वाचा. पिस्टनवर जरा ओलसरपणा चालतो, तो सीलला वंगण देणारा पापुद्रा असतो. थेंब पडला की सील गेलं. मागच्या लायनरचा तळ ऑइल पिऊन काळा पडला होता, ब्रेकची धूळ त्यात मिसळून लापशी झाली होती.

आता प्रश्न किटचा. दोन सील, दोन बूट आणि एक स्प्रिंग अशी किट सिलिंडरच्या किमतीच्या मानाने किरकोळ पैशांत मिळते, आणि रस्त्यावरचे मेस्त्री तीच टाकून देतात. पिस्टन बाहेर काढून, सिलिंडर आतून पुसून, बॅटरी मारून बघितलं तर तळाच्या बाजूला सुईच्या टोकाएवढे खड्डे होते आणि सील जिथे थांबतं त्याच्या बाहेर गंजाची कडी होती. अशा सिलिंडरला नवी किट घातली तर महिना-दोन महिने टिकते आणि परत तेच. होन (आतून घासायचं अवजार) मारून खड्डे काढायचे म्हटले तर भोक मोठं होतं आणि सील ढिलं बसतं. अॅल्युमिनियमच्या सिलिंडरचा वरचा कडक थर होनने निघून जातो, तो तर अजिबात घासू नये. आतून आरशासारखा असेल तरच किट, नाहीतर आख्खं सिलिंडर. आमचं मत विचाराल तर इतक्या जुन्या गाडीत किटचा विचारच करू नये.

हे खड्डे येतात कुठून? डॉट ३ आणि डॉट ४ या दर्जांची ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतात. ही ओल होजच्या रबरातून, टाकीच्या झाकणातून, बुटांच्या फटीतून वर्षभर आत येत राहते. मागची चाकं सर्वांत लांब, तिथलं ऑइल जवळजवळ फिरतच नाही, म्हणून गाळ आणि गंज आधी तिथे. आणखी एक गोष्ट नेहमी दिसते: नवे लायनर टाकल्यावर काही दिवसांतच सिलिंडर गळायला लागतं आणि दोष लायनर टाकणाऱ्यावर येतो. होतं असं की जुने लायनर झिजत जातात तसे पिस्टन बाहेरच्या बाजूला येऊन तिथेच मागेपुढे होत असतात. नवे जाड लायनर बसवले की पिस्टन आत ढकलले जातात, आणि सील वर्षानुवर्षं गाळ बसलेल्या खडबडीत भागावर घासायला लागतं. म्हणून लायनर बदलताना बूट उचलून बघणं हा त्याच कामाचा भाग धरावा.

नवं सिलिंडर आणताना जुनं सोबत न्यायचं. व्यास अंगावर छापलेला किंवा कोरलेला असतो. १७.४६ मिमी आणि १९.०५ मिमी ही दोन मापं छोट्या गाड्यांत सर्रास आढळतात, आणि बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. मोठ्या व्यासाचं बसवलं तर मागचं चाक आधी लॉक होतं, ओल्या रस्त्यावर गाडी मागून फिरते. एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दुसरं, हे तर नकोच. आम्ही दोन्ही बाजूंची सिलिंडर बदलली, कारण उजवीकडचं वय तेवढंच होतं. लायनरही चारही बदलले. ऑइल प्यायलेला लायनर पेट्रोलने धुऊन, जाळून, सॅंडपेपर मारून परत वापरायची पद्धत अजून जिवंत आहे. पृष्ठभाग कोरडा दिसतो, पण ड्रम तापला की आतलं ऑइल वर येतं आणि ते चाक कधी पकडतं, कधी सुटतं.

काढण्यात खरी जोखीम एकाच ठिकाणी आहे: मागच्या पत्र्यातून सिलिंडरमध्ये जाणाऱ्या पाइपच्या नटची. साध्या उघड्या पान्याने त्याचे कोपरे गोल होतात, मग पाइप कापण्याशिवाय मार्ग राहत नाही. यासाठी कापलेल्या रिंगचा फ्लेअर नट पाना मिळतो, १० मिमीचा. नटवर आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवला होता. नट फिरला पण त्याच्याबरोबर पाइपही पिळला जाऊ लागला, तसं थांबून नट मागेपुढे हलवत, परत स्प्रे मारत सोडवला. पाइप पिळत गेला तर तो हमखास तुटतो.

पाइप सुटल्यावर टाकी रिकामी होऊ द्यायची नाही. एक काठी सीट आणि पॅडलच्या मधे अडकवून पॅडल तीन-चार सेंटिमीटर दाबून ठेवलं. तेवढ्याने मास्टर सिलिंडरमधलं टाकीकडचं भोक झाकलं जातं आणि वरचं ऑइल खाली उतरत नाही. तोवर ब्रेक लाइट पेटलेले राहतात, म्हणून त्यांचा फ्यूज काढून ठेवला. पाइपच्या टोकाला निपलवरची रबरी टोपी घातली.

लायनर काढण्याआधी फोटो घेतला आणि एका वेळी एकच बाजू उघडली, म्हणजे स्प्रिंग कुठल्या भोकात होती हे दुसरीकडे बघता येतं. डाव्या-उजव्या अॅडजस्टरची अदलाबदल झाली तर ते आपोआप घट्ट होण्याऐवजी नुसते पडून राहतात. ड्रम धुतला, आतला व्यास मोजला. कमाल व्यास ड्रमवरच कोरलेला असतो, त्यापुढे गेला तर टर्निंग मारून उपयोग नाही. लायनर जिथे पत्र्यावर घासतात त्या उंचवट्यांवर ब्रेकसाठीचा उष्णता सोसणारा ग्रीस, काडीच्या टोकावर मावेल इतकाच. सिलिंडरच्या आसपास साधा ग्रीस, रॉकेल, डिझेल, इंजिन ऑइल यांपैकी काहीही येऊ द्यायचं नाही. ब्रेकच्या सीलचं रबर खनिज तेलाने फुगतं, आणि टाकीत चुकून पॉवर स्टीअरिंगचं ऑइल ओतलं तर मास्टर सिलिंडरपासून होजपर्यंत सगळं रबर बदलावं लागतं.

बसवताना क्रम उलटा ठेवायचा. सिलिंडर पत्र्यात सैल ठेवून पाइपचा नट आधी बोटांनी तीन-चार फेरे आत घालायचा, मगच सिलिंडरचे दोन बोल्ट आवळायचे आणि शेवटी नट. बोल्ट आधी घट्ट केले तर पाइप सरळ रेषेत येत नाही आणि नवीन सिलिंडरची चुडी पहिल्याच दिवशी कापली जाते. सिलिंडर आणि पत्र्याच्या जोडाला पाणी अडवणारं सीलंट लावा, असं काही मॅन्युअलमध्ये असतं. कोकणात ते न चुकता करावं. आवळण्याचा जोर या आकाराच्या गाडीत सिलिंडरच्या बोल्टना साधारण १० न्यूटन-मीटर, पाइपच्या नटला १६ आणि निपलला ८ च्या आसपास. आपल्या गाडीचा आकडा पुस्तकात बघावा. निपल म्हणजे आतून पोकळ बोल्ट आहे, जोर लावला की मोडतो.

आता पाइपांत शिरलेली एअर काढणं. ऑइल कुठलं ते टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. डॉट ३ चा कोरडा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस आणि ओल शोषल्यावरचा १४०. डॉट ४ चा २३० आणि १५५. घाटात सतत ब्रेकवर गाडी उतरवताना जुन्या ऑइलमधली ओल उकळते, वाफ दाबली जाते आणि पॅडल रिकामं जातं, म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल बदलणं हा सिलिंडर वाचवण्याचाही उपाय आहे. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यांच्यात मिसळत नाही. डॉट ५.१ मात्र ग्लायकॉलचंच.

एकच चाक उघडलं आणि टाकी रिकामी झाली नाही, तर तेवढ्या चाकाची एअर काढून भागतं. इथे ऑइल काळं झालं होतं आणि दोन्ही मागची चाकं उघडली होती, म्हणून चारही चाकांतून नवं ऑइल फिरवलं. जुनं ऑइल आधी सिरिंजने टाकीतून काढलं, नाहीतर तोच गाळ खाली जातो. उजवीकडे स्टीअरिंग आणि तिरप्या सर्किटची गाडी असेल तर बहुधा क्रम मागचं डावं, पुढचं उजवं, मागचं उजवं, पुढचं डावं असा येतो. तरी पुस्तक बघून घ्यावं. निपलवर पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीतल्या थोड्या ऑइलमध्ये बुडालेलं. आत बसलेला "दाबलं" म्हणाला की पाव फेरा उघडायचं, पॅडल खाली जाऊ द्यायचं, निपल बंद करायचं, मग "सोड". बंद करण्याआधी पाय उचलला तर हवा परत आत. दर पाच-सहा दाबांनंतर टाकी बघायची. ती एकदा कोरडी पडली की सगळं पहिल्यापासून.

पॅडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवावा. रोजच्या वापरात पॅडल तळापर्यंत जात नाही, त्यामुळे मास्टर सिलिंडरच्या शेवटच्या भागात गंज बसलेला असतो. एअर काढताना पूर्ण दाबलं तर सील त्या गंजावर घासतं आणि धडधाकट मास्टर सिलिंडर दोन दिवसांत जातं. गॅरेजमधून आल्यावर मास्टर सिलिंडर गेल्याच्या बऱ्याच तक्रारी याच कारणाने असतात.

बुडबुडे थांबून स्वच्छ ऑइल यायला मागच्या चाकांना प्रत्येकी दीडशे मिलीच्या आसपास लागलं, पुढच्यांना त्याहून कमी. अर्ध्या लिटरचा डबा जवळजवळ संपला. पॅडल अजून खोल होतं, पण दुसऱ्या दाबाला कडक यायचं. हे हवेचं लक्षण नाही, लायनर आणि ड्रममधलं अंतर जास्त असल्याचं आहे. अॅडजस्टर हाताने पुढे नेऊन ड्रम फिरवताना हलका घासण्याचा आवाज येईपर्यंत आणला, तेव्हा पॅडल पहिल्याच दाबाला वर राहिलं. दर दाबाला स्प्रिंगसारखं लागत असेल तर मात्र हवा उरलीय. एबीएसच्या गाडीत हवा मॉड्युलेटरमध्ये (चाकांचा दाब कमी-जास्त करणाऱ्या भागात) शिरली तर स्कॅनर लावून पंप चालवल्याशिवाय ती निघत नाही. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडच्या नव्या गाड्यांना एबीएस बंधनकारक आहे, तेव्हा नव्या गाडीत टाकी कोरडी न पडू देणं जास्तच जपावं.

हँडब्रेकची केबल लायनर बसल्यानंतरच घट्ट करायची, आधी नाही. ती आधी ताणलेली असली की अॅडजस्टर काम करत नाही.

चाचणीला इंजिन चालू ठेवून पॅडल पूर्ण जोराने एक मिनिट धरलं, ते हललं नाही. ब्रेकचे जोड पाण्याने धुऊन, कोरडे करून परत खडू मारला. मग मोकळ्या मैदानात ताशी १० किलोमीटरने, नंतर ३० ने ब्रेक मारून गाडी सरळ थांबते का पाहिलं. टाकीवर पातळीला मार्करने रेघ मारून ठेवली. नवे लायनर ड्रमशी बसत जातात तशी पातळी केसभर खाली येते, त्यापलीकडे नाही. नवे लायनर पहिले दोन-तीनशे किलोमीटर पूर्ण पकडत नाहीत, तेवढ्यात घाटात भरलेली गाडी नेऊ नये.

डब्यात उरलेलं ऑइल झाकण लावून कपाटात ठेवू नका. एकदा सील फोडलेला डबा ओल ओढत राहतो आणि पुढच्या वर्षी टॉपअपला तोच वापरला जातो. काढलेलं जुनं ऑइल गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतायचं नाही. वेगळ्या बाटलीत भरून, वर नाव लिहून, वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्यायचं, इंजिन ऑइलच्या पिंपात न मिसळता.